दोन तालुक्यांचा देश

कानिफनाथाला कुणी विचारलं, "काय हो, कुठं कुठं फिरून आलात आजवर?" तर तो हात झटकून सांगायचा, "कुठंच न्हाई. आमाला कुठलं आलंय फिरनं?" आणि हे तो अगदी मनापासून सांगायचा. वास्तविक गेली तीस वर्षं दर दिवाळीनंतर हा गडी बायको, पोरं, कोयते, पातेली, एक शेळी आणि दोन कोंबड्या ट्रकवर चढवून ऊसतोडीला जात होता. कोल्हापूर झालं, सांगली झाली, कर्नाटकात अथणीला दहा हंगाम झाले, एक साल तर गुजरातेत बार्डोलीला काढलं. पण ते काम होतं, फिरणं नव्हे. शिवाय वाटेत काय पाहिलं म्हणाल, तर काहीच नाही. ट्रक चिंचखडीच्या शिवेबाहेर पडला की कानिफनाथाचा डोळा लागायचा, तो साखर कारखान्याच्या गेटात उघडायचा. निम्मा महाराष्ट्र त्याने झोपेत ओलांडला होता.

हा रोग त्याच्या एकट्याचा नव्हता, सगळ्या घराचा होता. चाक फिरलं की मान पडलीच. त्याची बायको भागूबाई एकदा शेवगावच्या बाजारातून येताना रिक्षात झोपली आणि चार गावं पुढं जाऊन कुणाच्या तरी लग्नात जेवून परत आली. थोरला हनुमंत गाड्या चालवायला शिकला, पण दोनदा शेतात गाडी घातल्यावर त्याने तो नाद सोडला आणि केडगावला गॅरेजात गाड्या दुरुस्त करायला लागला, कारण उभ्या गाडीत झोप येत नाही. धाकटी पंकजा तर वीस दिवसांची असताना पहिल्यांदा ट्रकवर चढली होती. तिच्या रक्तातच ते आलं होतं म्हणा ना. मागच्या दिवाळीला पुण्याहून शेवगावला येताना ती एसटीत अशी झोपली की थेट गेवराईला उतरली. जिल्हा बदलला, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. ती दुसऱ्या गाडीने परत आली आणि आल्या आल्या करंज्या तळायला बसली.

ही पंकजा वसतिगृहात राहून शिकली, पुण्यात इंजिनिअर झाली, आणि उपग्रहांनी आकाशातून काढलेले जमिनीचे फोटो तपासायच्या कामाला लागली. त्याच कामासाठी तिला युरोपातल्या एका कंपनीनं बोलावलं. देशाचं नाव लक्झेंबर्ग. कानिफनाथाला ते नाव काही केल्या घेता येईना, पण छाती मात्र फुगली. "लेक परदेशी चालली" हे त्याने दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. म्हसोबासाठी नारळही आणून ठेवला.

त्या नारळाचं असं होतं. चिंचखडीच्या शिवेवर कडुलिंबाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो म्हसोबा. हंगामाला, नोकरीला, कुठंही लांब मुक्कामाला माणूस निघालं की घरातल्या वडीलधाऱ्यानं तिथं नारळ फोडायचा आणि जाणाऱ्याच्या हातावर खोबरं ठेवायचं, मगच त्यानं शीव ओलांडायची. त्याशिवाय गेलेलं माणूस परत येत नाही, असा गावाचा समज. एका साली नारळ नासका निघाला, तर चाळीस माणसांनी भरलेला ट्रक दुसरा नारळ येईपर्यंत अर्धा दिवस शिवेवर उभा होता. कारखान्यानं काय ते समजून घेतलं.

विमान सोमवारचं होतं. आदल्या सोमवारी आप्पासाहेब नकाशांचं पुस्तक काखेत मारून आले. आप्पासाहेब म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त गुरुजी. छत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि स्वतः जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नाही. लेक कुठं चालली ते बापाला एकदा नकाशावर दाखवावं, एवढाच त्यांचा हेतू होता. युरोपचं पान उघडून त्यांनी बोट फिरवलं. बोट खालून वर गेलं, वरून खाली आलं. मग त्यांनी चष्मा पुसला. मग भागूबाईकडून पाण्याचा तांब्या मागितला.

"सापडंना व्हय?" कानिफनाथानं विचारलं.

"आहे रे आहे, जातोय कुठं," आप्पासाहेब म्हणाले. "हे बघ. हा ठिपका."

"ती माशी बसल्ती का काय?"

"देश आहे तो, देश."

"आन नाव?"

नाव त्या ठिपक्यात नव्हतं. ते शेजारच्या देशात लिहिलेलं होतं, आणि तिथून एक बारीक रेघ ओढून ठिपक्याला जोडली होती. कानिफनाथानं ती रेघ बोटानं दोनदा चाचपून पाहिली. 

"गुरुजी," तो म्हणाला, "ज्या देशात त्याचं सोताचं नाव मावत न्हाई, तिथं माजी पोर कशी मावायची?"

आप्पासाहेबांनी त्याला धीर द्यायला हिशेब करून दाखवला. शेवगाव तालुका घ्यायचा, त्याला पाथर्डी तालुका जोडायचा, वर नेवाशाची पंचवीसएक गावं टाकायची, की झाला देश. पण धीर बाजूलाच राहिला, कानिफनाथाच्या तोंडचं पाणी पळालं. परदेश म्हणजे कसा ऐसपैस असेल असं तो धरून चालला होता. माणसाला लांब जायचं तर जागा नको का? त्याच्या मते देश मोठा असण्याचा एकच उपयोग होता, आणि तो म्हणजे झोप. आपल्या देशात माणूस किती का झोपेना, उठल्यावर आपल्याच देशात उठतो. कानिफनाथ स्वतः एकदा सांगलीहून घरी येताना झोपला होता, तो नांदेडला उठला. घरी यायला चार दिवस लागले, चार ठिकाणी चार घरच्या भाकरी खाल्ल्या, पण देश काही संपला नाही. आणि इथं? शेवगावात बसायचं, पाथर्डीत डोळा लागायचा, आणि उठावं तर भलत्याच मुलखात.

त्याने पंकजाला समोर बसवून विचारलं, "तिथं हापिसाला कशानं जायचं?"

"बसनं," पंकजा म्हणाली. ती पुण्यात कितीही पुणेरी बोलो, उंबरा ओलांडला की घरची भाषा बोलायची. "आन आबा, तिथं बस, रेल्वे सगळं फुकट हाय. तिकीटच न्हाई."

"तिकीट न्हाई? मंग कंडक्टर?"

"कंडक्टर पन न्हाई."

"मंग तुला उठवनार कोन?"

बापाला बरं वाटावं म्हणून पंकजानं पुढची चांगली गोष्ट सांगितली. "आन देशाच्या शिवेवर गेट न्हाई, पोलीस न्हाई. कुनी अडवत न्हाई, कागद मागत न्हाई. कळत बी न्हाई कधी दुसऱ्या देशात गेलो ते."

झालं. कानिफनाथानं कपाळाला हात लावला. "शिंगणापूरच्या घरास्नी दारं न्हाईत," तो म्हणाला, "पर तिथं शनिदेव सोता बसलाय राखायला. ह्या देशाला दार न्हाई, कंडक्टर न्हाई, आन माजी पोर गाडी हालली की झोपती. पंकजे, म्या नारळ फोडनार न्हाई."

"आबा, सोमवारी विमान हाय."

"असूं दे."

"नारळ न्हाई फोडला तर मी जानार न्हाई," पंकजा म्हणाली. "म्हसोबाला भिऊन न्हवं. तुमच्या हातचं खोबरं घेतल्याबिगर मी आजवर कधी शीव ओलांडली न्हाई, आन आता सगळ्यात लांब जाताना ओलांडनार न्हाई. पर मंग आयुष्यभर मी हितंच बसून तुमच्या तोंडाकडं बघीन, ते तुमाला चालंल का, ते बघा."

कानिफनाथाला ते काही चालणारं नव्हतं. पोरीनं किती कष्टानं हे मिळवलं ते त्याला ठाऊक होतं. तो रात्रभर तळमळला आणि सकाळी उठून त्याने निकाल दिला. पंकजाची परीक्षा घ्यायची. तालुक्यांचा देश करायचा, गाडीत बसवून तिला त्या देशातून न्यायचं, आणि शीव यायच्या आत तिनं जागेपणी 'थांबवा' म्हणून उतरायचं. उतरली तर नारळ. झोपली तर विमान आपलं आपण जाईल.

गावाला कामं कमी नव्हती, कापूस वेचणीला आला होता. पण देश तयार करायचा म्हटल्यावर सगळे हातातलं टाकून धावले. आप्पासाहेबांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं नकाशा काढला. शेवगाव राजधानी. पूर्वेला गेवराई, ती जर्मनी. उत्तरेला पैठण आणि पश्चिमेला नेवासा, ते बेल्जियम. दक्षिणेला आष्टी, तो फ्रान्स. दोन दिवसांत लोकांच्या तोंडात ते असं बसलं की विचारू नका. शिंगणापूरला जाणारे "बेल्जियमला दर्शनाला चाललोय" म्हणू लागले. बैल बघायला आष्टीला गेलेला माणूस फ्रान्सचे बैल हाडकुळे निघाले म्हणून सांगत आला. शेजारच्या केशरबाईची लेक पैठणला दिलेली. म्हातारी ओट्यावर बसून रडायलाच लागली. "इतकी वर्सं मला वाटायचं लेक हाकंवर हाय. बेल्जियमात दिलीया, मला कुनी बोललं बी न्हाई." मग लेकीला फोन लावून तिनं विचारलं, तिकडचं पाणी तुला मानवतं का म्हणून.

सगळ्यात भाव खाल्ला तो रंगनाथानं. हा ग्रामपंचायतीचा शिपाई. गेवराई रस्त्यावर जिथं तालुका संपतो, तिथं बाभळीखाली तो प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसला, मांडीवर शाईचा पॅड आणि ग्रामपंचायतीचा शिक्का घेऊन. त्याच्या देशाला गेट नव्हतं हे त्याला मान्य नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरसायकली थांबवून तो लोकांच्या मनगटावर 'आवक' असा शिक्का मारायचा. जाणाऱ्यालाही आवकच, कारण 'जावक'चा शिक्का सरपंचांच्या कपाटात होता आणि चावी सापडत नव्हती. लोकांनी हात पुढं केले. शिक्का मारून घ्यायची सवय आपल्याकडं सगळ्यांनाच असते.

गुरुवारी सकाळी परीक्षा ठरली. गाडी बजरंगाची जीप. बजरंग हा सांगितलं तेवढंच करणारा माणूस. घरच्यांनी मीठ आणायला सांगितलं आणि दुकानदारानं मिठासोबत चहाची पुडी फुकट दिली, तर ती परत करून येईल असा. कानिफनाथानं त्याला बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, कुनालाबी उठवायचं न्हाई. तोंड उघडायचं न्हाई. आन म्या नायतर पंकजा 'थांब' म्हनल्याबिगर गाडी थांबवायची न्हाई. मधी बरमदेव आडवा आला तरी न्हाई."

"न्हाई थांबवत," बजरंग म्हणाला.

पुढं बजरंग, मागं पंकजा, तिच्यासमोर परीक्षक म्हणून कानिफनाथ, आणि भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन भागूबाई. नारळ कानिफनाथाच्या पिशवीत. पंकजानं डोळ्यांना पाणी लावलं होतं, ओठात लवंग धरली होती. आप्पासाहेबांनी राजधानीतून, म्हणजे शेवगावातून, हात हलवून निरोप दिला आणि गाडी निघाली.

चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती. अख्ख्या गावात आली नव्हती. पंकजा झोपते की नाही हे बघायला जो माणूस गाडीत बसवला होता, तो कानिफनाथ होता.

पहिल्या किलोमीटरला भागूबाई गेली. दुसऱ्याला परीक्षक गेला. पंकजा पाचव्यापर्यंत तग धरून होती, पण समोर आईबाप असे सुखानं घोरत असताना एकट्या माणसानं किती जागायचं? बोधेगाव मागं पडलं. बाभळीखाली रंगनाथ खुर्चीवरून उठून हात आडवा करून उभा राहिला. बजरंगानं गाडी थांबवली नाही. हुकूम नव्हता. रंगनाथ कर्तव्याला जागून गाडीमागं पळाला आणि मागं टांगलेल्या जादा चाकावर त्याने शिक्का मारला. अशा रीतीनं चौघे जण जर्मनीत शिरले.

गाडी थांबली तेव्हा तिघंही एकदम जागे झाले. थांबलेल्या गाडीत त्यांच्यातलं कुणी झोपूच शकत नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस आणि मधोमध ओळखीचं काहीच नाही.

"बजरंगा, शीव आली?" कानिफनाथानं विचारलं.

"शीव जाऊन लई येळ झाला. गेवराई बी गेली. आता माजलगाव यील म्होरं."

"मंग थांबवली का न्हाई?"

"तुमी थांब म्हनला न्हाईत. आत्ता बी म्या थांबवली न्हाई. डिझेल संपलं."

स्वतःच काढलेल्या परीक्षेत कानिफनाथ पोरीच्या आधी नापास झाला होता. बजरंग कॅन घेऊन एका मोटरसायकलवर बसून डिझेल आणायला गेला आणि हे तिघं रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीला बसले. जरा वेळानं पलीकडच्या वस्तीवरून एक बाई आली. कापूस वेचताना बांधलेली ओटी अजून तिच्या कमरेला होती.

"कुठलं पाव्हनं?" तिनं विचारलं.

"शेवगावकडचं," भागूबाई म्हणाली.

"आन उन्हात कशाला बसलाव? चला, घर हाय की."

विजयमाला तिचं नाव. तिनं पाणी दिलं, पिठलं टाकलं, यांच्या गाठोड्यातल्या भाकरी सोडू दिल्या नाहीत, स्वतःच्या थापल्या. चौघांचं कसं काय झालं ते ऐकल्यावर ती इतकी हसली की पिठलं लागायची वेळ आली.

कानिफनाथाला जेवल्यावर जरा बळ आलं. "बघ पंकजे," तो म्हणाला, "म्या काय सांगत हुतो? आपला देश मोठा हाय म्हून हे. कुठंबी ऊठ, कोन तरी म्हनतं, चला जेवाय. त्या ठिपक्यात पडलीस तर कोन बोलावनार तुला?"

पंकजानं विजयमालेकडं वळून विचारलं, "मावशी, तुमी आमाला का बोलावलं?"

"का म्हंजी?" विजयमाला गोंधळली. "मानसं उन्हात बसल्याली दिसली म्हून."

"देश मोठा हाय म्हून न्हाई?"

"देशाचं काय, बाई? देश काय भाकरी थापतोय?"

कानिफनाथानं विषय तिथंच सोडला. तो बाहेर येऊन ओट्यावर बसला. पंकजा मागोमाग आली आणि त्याच्याशेजारी बसली. 

"आबा," ती म्हणाली, "मला गाडीत झोप का लागती ठावं हाय का?"

"रक्तातच हाय."

"रक्तात न्हाई. ट्रक निघाला की तुमी मला कुशीत घेऊन म्हनायचा, झोप बाळा, म्या जागा हाय. आठवतं?"

कानिफनाथाला आठवत होतं. दर वर्षी म्हणायचा तो.

"मी सात-आठ वर्सांची असताना एकदा डोळे उघडं ठेवून पाह्यलं," पंकजा म्हणाली. "तुमी माज्या आधी घोरायला लागलात. शीव बी ओलांडली नव्हती."

कानिफनाथाला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं हे तिला ठाऊक होतं. तो खाली बघत म्हणाला, "मंग तरी झोपायचीस?"

"तरी झोपायची. तुमी म्हनला हुता ना, जागा हाय म्हून. तेवढं पुरायचं मला."

कानिफनाथाचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत. इतके दिवस तो देश मोजत बसला होता, तालुके जोडत होता, आणि त्याला वाटणारी भीती देशाची नव्हतीच. ती उठेल तेव्हा आपण तिथं नसू, याची होती. ट्रकमध्ये त्याने काही केलं नव्हतं, एक खोटं बोलला होता आणि झोपला होता. पण होता तिथं.

बजरंग डिझेल घेऊन आला. निघताना विजयमालेनं भागूबाईच्या ओटीत मूठभर तूर घातली आणि गाडी परत फिरली. पहिल्या किलोमीटरला भागूबाई गेली, दुसऱ्याला पंकजा. कानिफनाथानं मात्र विजयमालेकडून मागून घेतलेल्या हिरव्या मिरच्यांतली एक दाताखाली धरली. मान पडायला लागली की चावायची. नाकातोंडातून पाणी आलं, कान लाल झाले, पण तो बसला. एका मिरचीत गेवराई आली. दुसऱ्या मिरचीत त्याला कालवा दिसला, पाण्याने भरलेला. तीस वर्षांत अशा किती कालव्यांवरून तो गेला असेल, पाणी एकाचंही पाहिलं नव्हतं. कापसाची रानं दिसली, एका शाळेच्या पटांगणात पोरांची कवायत दिसली, एक म्हातारा म्हशीला काहीतरी समजावून सांगताना दिसला. आणि समोरून ऊसतोडीचे ट्रक येऊ लागले. हंगाम सुरू झाला होता. प्रत्येक ट्रकवर पातेली, शेळ्या, कोंबड्या, आणि त्यात माणसं, बाया, पोरं, सगळी माना टाकून झोपलेली. जागा एकटा ड्रायव्हर. कानिफनाथ ते बघतच राहिला. आपण असे दिसतो, हे त्याला आज कळलं. सगळी माणसं एकमेकांना 'म्या जागा हाय' असं सांगून झोपली होती.

बाभळीखाली रंगनाथ दबा धरून होताच. कानिफनाथानं बजरंगाला "हळू घे, थांबवू नगंस" म्हटलं आणि हात बाहेर काढला.

"परदेशातून आलात," रंगनाथ गाडीबरोबर चालत म्हणाला आणि शिक्का मारला. या खेपेला 'आवक' बरोबर लागली होती.

चिंचखडीच्या शिवेवर म्हसोबाजवळ कानिफनाथ खाली उतरला. "इंजिन बंद करू नगंस," त्याने बजरंगाला बजावलं, "आन चाक हळूहळू म्होरं-मागं फिरवत ऱ्हा. न्हाईतर उठत्याल." बजरंग हातभर पुढं, हातभर मागं अशी जीप झुलवत राहिला. कानिफनाथानं पिशवीतला नारळ काढला आणि म्हसोबापुढं फोडला. आत खोबरं पांढरंशुभ्र होतं. तरी भागूबाईचा एक डोळा उघडलाच.

"अवो, जाताना फोडायचा असतो," ती पुटपुटली. "येताना न्हवं."

"तुला काय कळतंय? झोप," कानिफनाथ म्हणाला, आणि हलत्या गाडीबरोबर दोन पावलं पुढं, दोन मागं करत त्याने पंकजाच्या झोपलेल्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवून तिची मूठ मिटली.

गाडी अंगणात थांबली तेव्हा पंकजा उठली. मूठ उघडली. बापाकडं पाहिलं. बाप सुजलेल्या ओठांनी दुसरीकडंच बघत होता. तिनं ते खोबरं तिथंच, जीपमध्ये बसून, सावकाश खाल्लं.

फक्त एक अट कानिफनाथानं घातली आणि ती पंकजानं मान्य केली. तिथं बसमध्ये बसली की तिनं फोन लावायचा. बोलायचं नाही. नुसता चालू ठेवायचा आणि खुशाल झोपायचं.

आता कानिफनाथाची टोळी अथणीच्या फडात आहे. दुपारी साडेबाराला फोन वाजतो. तिकडं सकाळचे आठ. कानिफनाथ हात वर करतो आणि वीस कोयते जागच्या जागी थांबतात, कारण ऊस पडायच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही. मुकादम पहिले दोन दिवस कुरकुरला, आता तोही बांधावर बसून वाट बघतो. बसमध्ये थांबा आला की एक बाई काहीतरी बोलते. एवढी बोलते तर पोरीला उठवायला तिचं काय जातं, हे कानिफनाथाला कळत नाही, पण तो तिचं बोलणं बोटांवर मोजतो. ती सातव्यांदा बोलली की पुढचा थांबा पंकजाचा. थांब्याचं नाव त्याला घेता येत नाही, म्हणून त्याने त्याला आपलं एक नाव ठेवलं आहे.

"पंकजे, ऊठ!" तो फडात उभा राहून ओरडतो. "चिंचखडी आली!"

टोळीतली नवी पोरं अजूनही दचकून इकडंतिकडं बघतात.

पलीकडून आवाज येतो, जांभई दिल्यासारखा. "आली का, आबा?"

"आली. उतर."

ती जागीच असते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. झोपलेल्या माणसाचा श्वास कसा चालतो ते त्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. हा श्वास कान देऊन बसलेल्या माणसाचा होता. पंकजा बसमध्ये टक्क जागी असते, खिडकीतून ते सगळं दोन तालुक्यांचं राज्य बघते, आणि बापानं हाक मारायची वाट पाहते. कानिफनाथानं तिला हे कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेबाराला तो पुन्हा हात वर करतो, कोयते थांबतात, आणि फोन कानाला लावून, सवयीनं, हळूच म्हणतो, "झोप बाळा. म्या जागा हाय."